व्हिएतनामला निघण्याआधी

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

आपल्या चर्चच्या मंडळीचा गट दा नांगपासून समुद्राच्या कडेनं हो ची मिन्ह सिटीपर्यंत जाणार आणि त्यात तुम्हा दोघांचीही नावं आहेत, हे कळलं. आनंद वाटला. काळजीही वाटते, म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, हे पत्र पाळकसाहेबांनाही वाचून दाखवा.

सगळ्यात आधी महिना बदला. ऑक्टोबर नको. आपला पाऊस सरतो तेव्हा त्या किनाऱ्यावरचा सुरू होतो. ईशान्येचे वारे समुद्रावरून ओलावा घेऊन थेट डोंगरांवर आदळतात, त्यातच वादळं येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दा नांगजवळच्या होई आनच्या गल्ल्यांत पाणी भरतं. मार्च बरा. फक्त तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतं, तो आठवडा टाळा. गाड्या मिळत नाहीत, दुकानं बंद असतात.

आता सुवार्तेबद्दल. तिथं मंडळ्या आहेत, उपासना उघडपणे होते. प्रॉटेस्टंट काम दा नांगलाच १९११ मध्ये सुरू झालं, आणि दक्षिणेकडच्या इव्हॅन्जेलिकल मंडळीला २००१ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. अशा मान्य मंडळीत रविवारी पाहुणे म्हणून बसायला काही अडचण नाही. पण परदेशी माणसानं उपदेश करायचा तर १ जानेवारी २०१८ पासून लागू असलेल्या धर्मविषयक कायद्यानं परवानगी लागते. ती आपण मागायची नसते, बोलावणाऱ्या मंडळीनं मागायची असते. एकाच प्रांतात बोलायचं तर प्रांताकडे, अनेक प्रांतांत तर केंद्राकडे. म्हणून माझं म्हणणं, पाळकसाहेबांनी एकाच ठिकाणी बोलावं आणि आमंत्रणाचं काम तीन महिने आधी सुरू करावं. अर्ज जुन्या पत्त्यावर जाऊ नये हेही पाहा. १ जुलै २०२५ पासून ६३ प्रांतांचे ३४ झाले आणि जिल्ह्याची पायरीच गेली. तुमच्या वाटेवरचं होई आन आता दा नांगमध्ये, क्वी न्योन 'ज्या लाय' प्रांतात आणि फान थिएत चक्क लाम दोंगमध्ये आहे.

रस्त्यात पत्रकं वाटणं, बाजारात गाणं, डॉक्टर सोबत आहेत म्हणून गावात तपासणी शिबिर लावणं, यातलं परवानगीशिवाय काहीही करू नका. आपण आठवड्यानं परत येतो. चौकशीला त्या मंडळीला आणि तिच्या पाळकाला तोंड द्यावं लागतं, आणि ते पुढं कित्येक महिने चालतं. स्वतःचं पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक न्यायला मुभा आहे, वाटायला म्हणून खोकं भरून नेऊ नका. एखाद्या कुटुंबाकडे मुक्काम झाला तर यजमानानं तुमची नोंद बारा तासांत पोलिसांकडे करायची असते. हॉटेल ते स्वतः करतं, म्हणून हॉटेलच बरं.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. एकदा प्रवेशाचा २५ डॉलरला मिळतो आणि ९० दिवसांपर्यंत चालतो. घोळ होतो तो नावात. पासपोर्टवर जसं आहे अक्षर न् अक्षर तसंच, वडिलांच्या नावासकट. चूक निघाली तर विमानकंपनी इथंच अडवते.

गाडी स्वतः चालवायची कल्पना कुणी काढली तर नाही म्हणा. आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्ता-वाहतूक कराराचा आहे, तिथं १९६८ च्या कराराचाच चालतो. अपघात झाला तर विमाही हात वर करतो. चालकासह गाडी घ्या. सोळा आसनी व्हॅनमध्ये सोळा जण बसले तर सामानाला जागाच उरत नाही, शेवटची रांग थेट मागच्या दाराला टेकलेली असते. बॅगा त्या रांगेवर ठेवायच्या आणि माणसं दहाच धरायची. चौदा जण असाल तर २९ आसनी घ्या. बाबा, गुडघ्यांसाठी दाराजवळची जागा मागून घ्या, मागं धक्के फार बसतात. चालकाला सलग चार तासांपेक्षा आणि दिवसात दहा तासांपेक्षा जास्त गाडी चालवायला कायद्यानं बंदी आहे, त्याला घाई करू नका. होई आन ते क्वी न्योन हा टप्पा सगळ्यात लांब, तीनशे किलोमीटरच्या आसपास, तो सकाळी लवकर निघून करा. आणि नवे द्रुतगती मार्ग वेगवान असले तरी बऱ्याच पट्ट्यांवर थांबे तयार होण्याआधीच वाहतूक सुरू झाली. त्या मार्गावर चढण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. पाणी कमी पिणं हा उपाय नाही, आई, तुझ्या रक्तदाबाला ते चालणार नाही.

क्वी न्योन सोडल्यावर तुय होआच्या अलीकडे मांग लांगचं जुनं कॅथलिक चर्च लागतं, तिथं तासभर थांबा. आलेक्सांद्र द रोद या जेझुइट पंथाच्या कॅथलिक धर्मगुरूनं लिहिलेलं, १६५१ मध्ये रोममध्ये छापलेलं धर्मशिक्षणाचं पुस्तक तिथं जपलंय, व्हिएतनामी भाषा रोमी लिपीत छापल्याचा अगदी आरंभीचा नमुना. हा माणूस १६१९ मध्ये लिस्बनहून निघून आधी आपल्या गोव्यात उतरला होता.

आई, मार्च म्हणजे लेंत, ईस्टरआधीचा उपवासकाळ, तुझं मटण-मासळी बंद. तिथं 'चाय' लिहिलेली खाणावळ शोध, उच्चार आपल्या चहासारखाच, अर्थ शाकाहारी. इतरत्र नुसती भाजी मागितलीस तरी माशांचा रस, न्वोक माम, पडलेला असतो. बाबा, तिथलं चलन डोंग; पाच लाखांची नोट आणि वीस हजारांची, दोन्ही निळसर. पहिली दीड हजार रुपयांहून मोठी, दुसरी जेमतेम सत्तरची. वेगळ्या कप्प्यात ठेवा.

रस्ता ओलांडताना सावकाश, एका चालीनं चला. मध्येच थांबू किंवा मागं येऊ नका, स्कूटरवाले तुमची चाल बघून वळतात. बस-ट्रकला मात्र जाऊ द्या.

गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मला या आठवड्यात पाठवा, व्हिसाचा अर्ज मीच भरते.

तुमची लेक