बिल्ला एसटीचा अन् विमानाचा

संपादक साहेब, नमस्कार. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, लातूर डेपोला, विना अपघात सेवेचा बिल्ला मिळाला तर सणावाराला सुद्धा खाकी शर्टावर तोच लावून बसायचे, आई हसायची. ते आठवायचं कारण म्हणजे माझा पुतण्या अमेरिकेत हौस म्हणून छोटं विमान उडवतो. तिथं पायलटच्या लायसनला एक्स्पायरी नसते म्हणे, पण दर 24 महिन्यांनी इन्स्ट्रक्टरसोबत कमीत कमी 1 तास अभ्यास अन् 1 तास उड्डाण असा रिव्ह्यू द्यावाच लागतो, नाहीतर मुख्य पायलट म्हणून उडता येत नाही. किंवा मग तिथल्या एफएएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, विंग्ज (म्हणजे पंख, पायलटचा बिल्लाच म्हणा) नावाचा प्रोग्राम आहे, बेसिक, अॅडव्हान्स्ड अन् मास्टर अशा पायऱ्या, एक पूर्ण केली की तोच रिव्ह्यू धरतात.

मागच्या वेळी म्हणे इन्स्ट्रक्टरनं हवेतच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागं ओढला अन् विचारलं, इंजिन गेलं समज, आता कुठं उतरवतोस? खाली सगळी शेतंच. यानं हिरवं रान सोडून मोकळं सपाट कापलेलं शेत निवडलं, शेतकऱ्याचं पोरगं ना शेवटी! अन् ही परीक्षा नव्हे बरं का, सराव.

आमच्याकडं मात्र एकदा खासगी गाडीचं लायसन खिशात आलं की वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही. शाळेच्या गाड्या चालवणाऱ्यांपासून तरी असा सराव अन् बिल्ला सुरू करा की, आरटीओ साहेब.

— एक वाचक, लातूर