वजनकाट्याशेजारी टेप पण ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात बातमी आली की वजन कमी करायच्या इंजेक्शनने हार्ट अटॅकचा धोका पण २० टक्क्यांनी कमी होतो. बातमी खोटी नाही पण अर्धी आहे, आणि राहिलेली अर्धी आपल्याकडच्या लोकांच्या जास्त कामाची आहे म्हणून लिहितोय. पत्र जरा लांबलंय, तरी छापा ही विनंती.

मी जेंट्स टेलर आहे, मिरजेत २६ वर्षं दुकान आहे. डॉक्टर नाही. पण गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला ४७ व्या वर्षी अटॅक आला, तेव्हापासून ह्या विषयावर मिळेल ते वाचतोय, पुतणी फार्मसीला आहे ती इंग्रजीतलं समजावून सांगते.

भाऊ जाड नाही. उंची साडेपाच फूट, वजन ६४ किलो, हात-पाय बारीक. अटॅकच्या चार महिने आधी एका तपासणी शिबिरात गेला होता, तिथं काट्यावर उभं केलं, तक्त्यात बघितलं आणि वजन उंचीच्या मानाने बरोबर आहे, काही काळजी नको म्हणून सांगितलं. आम्ही सगळे निर्धास्त. पुढं अटॅक आला, स्टेंट टाकला, आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात आहारतज्ज्ञ मॅडम आल्या त्यांनी पहिल्यांदा टेप काढला. त्याला उभं केलं, शर्ट वर धरायला लावला, शेवटची बरगडी जिथं संपते आणि कमरेचं हाड जिथं लागतं त्याच्या मधोमध टेप फिरवला, श्वास सोडा म्हणाल्या आणि आकडा वाचला, ३८ इंच. मी शेजारीच उभा होतो. म्हणलं मॅडम काहीतरी चुकतंय, ह्याच्या सगळ्या पँटी मीच शिवतो, कंबर ३४ आहे. त्या म्हणाल्या, पँट पोटाच्या खाली घालतात ना हे?

दुकानात येऊन मापाच्या जुन्या वह्या काढल्या. २००३ ला त्याच्या लग्नाची पँट शिवली तेव्हा कंबर २९, सीट ३५, मांडी २१. २०१५ ला कंबर ३२, सीट ३६, मांडी तीच. २०२२ ला कंबर ३४, सीट ३६, मांडी २०, आणि पुढं माझ्याच अक्षरात लिहिलंय "पोटाखाली". म्हणजे मांडी बारीक होत गेली, पोट वाढत गेलं, आणि ते अडू नये म्हणून मीच बेल्ट खाली उतरवून शिवत गेलो. एवढी वर्षं त्याचं पोट माझ्या वहीत लिहिलेलं होतं आणि मला ते वाचता आलं नाही ह्याचं आजही वाईट वाटतं. तंबाखू पण होती त्याला, ते मी लपवत नाही, पण शिबिरात फक्त काटा बघून "काळजी नको" म्हणले तो दिवस डोक्यातून जात नाही.

आता ह्यावरचं संशोधन कुठं झालंय तर आपल्या पुण्यात. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावातल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपलं बाळ सगळीकडून बारीक, पण चरबी त्या मानाने कमी नाही, कमी पडतो तो स्नायू. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात दोघांचाच शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण मशीनवर अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हा फोटो खरं तर आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्यात लावायला पाहिजे.

पोटातल्या चरबीचं एवढं काय, असं मलाही वाटायचं, साठा आहे, पडलाय. पुतणीने सांगितलं की तसं नाही काका, चरबी स्वतः हार्मोन बनवते. १९९४ ला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने लेप्टिन शोधलं, ते चरबीच्या पेशीतूनच रक्तात जातं आणि मेंदूला कळवतं की साठा किती आहे. तेव्हा लोकांना वाटलं झालं, लेप्टिन टोचलं की जाडी गेली, पण बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. दुसरं अॅडिपोनेक्टिन, ते इन्सुलिनला मदत करतं, आणि पोट वाढलं की तेच कमी होतं. आणि आतड्याभोवतीच्या चरबीतलं फॅट थेट लिव्हरकडे जातं, मग लिव्हरला चरबी धरते, इन्सुलिन नीट लागू पडत नाही, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. भावाच्या रिपोर्टमध्ये हेच सगळं लाल अक्षरात होतं आणि वजन मात्र नॉर्मल.

आता इंजेक्शनकडे येतो. त्यातलं औषध सेमाग्लुटाइड, हे जीएलपी-१ नावाच्या आतड्यातल्या हार्मोनची नक्कल आहे. आपण जेवलो की आतडं ते सोडतं, त्याने इन्सुलिन सुटतं, पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला भूक भागल्याचं कळतं. खरं हार्मोन दोन-चार मिनिटात विरघळून जातं, औषध आठवडाभर टिकतं म्हणून आठवड्याला एक सुई. ज्या अभ्यासावर तुमची बातमी होती त्याचं नाव सिलेक्ट, तो २०२३ साली आला, ४१ देशातले १७,६०४ लोक. पण कुठले लोक? वय ४५ च्या पुढचे, बीएमआय २७ च्या वर, डायबेटिस नसलेले, आणि सगळ्यांना आधीच अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलेला नाहीतर पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले. बहुतेक गोरे आणि पुरुष. माझ्या भावाच्या उंचीला २७ चा बीएमआय म्हणजे जवळपास ७६ किलो, म्हणजे त्याच्यासारखा माणूस ह्या अभ्यासात घेतलाच नसता. आणि ते २० टक्के म्हणजे काय तर साधारण सव्वातीन वर्षात औषध न घेतलेल्या शंभरातल्या आठ जणांना अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू असं काहीतरी झालं आणि औषध घेतलेल्या शंभरात साडेसहा जणांना. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे, ज्याला पहिला अटॅक येऊन गेलाय त्याच्यासाठी तर फारच मोठा. पण तुमच्या बातमीत शंभरातल्या आठाचे साडेसहा हे कुठंच नव्हतं, कोणावर तपासलं तेही नव्हतं. बातमी वाचून दुकानात एक पंचविशीतला पोरगा लग्नाच्या सुटाचं माप द्यायला आला आणि विचारतो काका सुईने दोन महिन्यात दोन इंच कमी होईल ना, त्या हिशोबाने शिवा. मी त्याला सांगितलं की डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नको आणि बंद केलं की बहुतेकांचं उतरलेलं वजन बरंचसं परत येतं.

ह्याच अभ्यासाची पुढची आकडेमोड ऑक्टोबर २०२५ मध्ये लॅन्सेटला आली ती तुमच्याकडे छापून आलेली मी तरी बघितली नाही. त्यात असं निघालं की हृदयाला झालेला फायदा किती किलो उतरले त्यावर फारसा अवलंबून नव्हता, सुरुवातीचं वजन कमी असलेल्यांनाही झाला. पण पोटाचा घेर कमी होण्याशी त्याचा संबंध दिसला, फायद्यातला साधारण एक तृतीयांश भाग घेरावाटे आलेला असावा असा त्यांचा अंदाज. हे वाचलं तेव्हा मी हातातला टेप खाली ठेवला आणि पुतणीला परत वाचायला लावलं. एवढा मोठा अभ्यास, एवढं महाग औषध, आणि शेवटी बघायचं माप माझ्या गळ्यातल्या टेपवरचंच.

म्हणून माझी विनंती दोन जणांना आहे. तुम्हाला, की औषधाची बातमी देताना कोणावर तपासलं आणि शंभरात किती जणांना फरक पडला हे दोन वाक्यात लिहा. आणि गावोगाव शिबिरं घेणाऱ्या मंडळांना, की काट्याशेजारी एक टेप ठेवा, वीस-पंचवीस रुपयाला मिळतो. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही हद्द धरतात, म्हणजे साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. टेप नसेल तर उंचीएवढी दोरी घ्या, दुमडून निम्मी करा, ती पोटाभोवती पुरली नाही तर डॉक्टरकडे जायचं. मात्र पँटचा नंबर सांगू नका, तो नंबर फसवतो, मी शिवणारा सांगतोय.

माझ्या वहीत आता कंबर, सीट, मांडी ह्याच्या पुढं "पोट" असा नवीन रकाना आहे आणि चाळिशीच्या पुढच्या गिऱ्हाइकाला मी तो आकडा सांगतो, काहीजणांना राग येतो, सहन करतो. भावाची तंबाखू बंद आहे, गोळ्या चालू आहेत, सकाळी कृष्णा घाटापर्यंत चालत जातो. रविवारी त्याचं माप घेतलं, साडेपस्तीस भरलं. वजन तीनच किलो उतरलंय.

आपला वाचक,
एक जेंट्स टेलर, मिरज