पेट्रिफाइड फॉरेस्टला एक अख्खा दिवस द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की अमेरिका टूरच्या जाहिराती सुरू होतात आणि ॲरिझोना म्हटलं की ग्रँड कॅन्यन बघा, फोटो काढा, पुढे लास वेगास, एवढंच असतं. त्याच राज्यात हॉलब्रुक गावाजवळ पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क आहे, ते बऱ्याच जणांच्या प्लॅनमध्ये नसतंच आणि असलं तरी गाडीतूनच एक चक्कर मारून लोक हायवेला लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पेट्रिफाइड म्हणजे दगड झालेलं, आणि इथली ही दगड झालेली झाडं २० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची आहेत. तेव्हा इथे वाळवंट नव्हतंच, नद्या होत्या, उंच झाडं पुरात वाहून यायची आणि गाळाखाली गाडली जायची, त्या गाळात ज्वालामुखीची राख होती, राखेतली सिलिका पाण्यात विरघळून लाकडात शिरली आणि हळूहळू लाकडाची जागा क्वार्ट्जने, म्हणजे गारगोटीच्या दगडाने घेतली. लोखंडामुळे लाल-पिवळे रंग आले, मँगनीजमुळे जांभळट-काळे. ओंडके बघितले की वाटतं कुणीतरी करवतीने कापून ठेवलेत, पण तसं नाहीये, क्वार्ट्ज कडक असतं तसंच ठिसूळही असतं, जमीन वर उचलली गेली तेव्हा ते असे सरळ तडकत गेले.

पार्कमधून जाणारा रस्ता साधारण ४५ किलोमीटरचा आहे, दोन-तीन तासांत संपतो, पण खरी मजा उतरून चालण्यात आहे. रेनबो फॉरेस्ट म्युझियमच्या मागे जायंट लॉग्स ट्रेल आहे, अगदी छोटा, तिथे एक खोड बुंध्याशी जवळजवळ १० फूट रुंद आहे. मग क्रिस्टल फॉरेस्टचा ट्रेल. आणि काहीही झालं तरी ब्लू मेसा सोडू नका! जेमतेम मैलभराचा लूप, सुरुवातीलाच उभा उतार, आणि खाली गेल्यावर निळ्या, जांभळ्या, राखाडी पट्ट्यांच्या मातीच्या टेकड्या चहूबाजूंनी, वरून गाडीतून याची काहीच कल्पना येत नाही. पाऊस पडून गेला असेल तर मात्र ही माती भयंकर निसरडी होते. पुढे पुएर्को पुएब्लोला जुन्या वस्तीचे अवशेष आणि खडकांवर कोरलेली चित्रं आहेत, आणि उत्तर टोकाला पेंटेड डेझर्ट, म्हणजे रंगीत मातीचं वाळवंट, तिथे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लाल रंग काय खुलतो म्हणून सांगू.

सावली जवळपास नाहीच, पाणी भरपूर घ्या, टोपी घ्या. संध्याकाळी गेट बंद होतं आणि आत गाडी लावून राहायचं कॅम्पग्राउंड नाही, त्यामुळे मुक्काम हॉलब्रुकला करून सकाळी गेट उघडताच आत शिरा.

आणि एक कळकळीची विनंती, तिथला छोटासा तुकडासुद्धा खिशात घालू नका, तो कायद्याने गुन्हा आहे. १९०६ साली या जागेला संरक्षण मिळालं तेच मुळी लोक ओंडके फोडून नेत होते म्हणून. आजही नेलेले दगड माफीच्या पत्रासकट पोस्टाने परत येतात, पण ते नेमके कुठून उचलले होते ते कळत नाही म्हणून पुन्हा जागेवर ठेवता येत नाहीत, वेगळा ढीग करून ठेवावे लागतात. आठवण म्हणून हवाच असेल तर पार्कबाहेरच्या खाजगी जमिनीतून काढलेले तुकडे दुकानांत रीतसर विकत मिळतात, ते घ्या.

आपला,
एक नियमित वाचक