मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर घरी काय करायचे, हे कार्डावर लिहा

महोदय,

मूळव्याधीचे ऑपरेशन झाले की रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे आणि खाली एक ओळ असते: 'गरम पाण्यात बसणे, तिखट टाळणे, आठवड्याने दाखवणे.' पुढचे दोन आठवडे त्या एका ओळीवर काढायचे असतात. दुखणे असे की शेजारीपाजारी विचारायचीही चोरी.

मोड कापून काढण्याच्या नेहमीच्या ऑपरेशनात जखम पुष्कळदा मुद्दाम उघडी ठेवतात. ती भरून यायला 4 ते 6 आठवडे लागतात. स्टेपलरच्या ऑपरेशनात टाके आत वरच्या भागात पडतात, त्यामुळे दुखणे कमी. काळजी मात्र तेवढीच घ्यायची.

सगळ्यात मोठी चूक होते ती जेवणात. शौचाला जायची धास्ती असते, म्हणून रुग्ण दोन-तीन दिवस चहा आणि पेजेवर काढतो. पोटात जे असते ते तिथेच थांबते, त्यातले पाणी आतडे शोषून घेते आणि चौथ्या दिवशी खडा होऊन तो ताज्या जखमेवरून उतरतो. त्यात ट्रॅमाडॉलसारख्या जोरकस वेदनाशामकाने बद्धकोष्ठ आणखी वाढतो. पहिली शौच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्हायलाच हवी. त्यासाठी घरी आल्या दिवसापासून नेहमीचे जेवण घ्यावे: वरणभात, आमटीत कुस्करलेली भाकरी, पालेभाजी, पपई. साबुदाणा, मैदा, बेकरीचे पदार्थ नकोत. महिनाभर उपवासही नकोत, मग एकादशी असो की संकष्टी.

इसबगोल दोन चहाचे चमचे, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचे आणि वर आणखी एक पेला पाणी. कोरडे किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतले तर ते आत फुगून उलट बोळा बसतो. दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी हवे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती ते डॉक्टरांना विचारावे. रात्री लॅक्टुलोज (शौच मऊ करणारे पातळ औषध) दिले असेल आणि जुलाब होऊ लागले तर फोन करून मात्रा कमी करून घ्यावी, कारण पाण्यासारखी शौचही जखमेला झोंबते. शौच पिकल्या केळ्याइतकी मऊ हवी.

वेदनाशामक गोळी पहिले चार-पाच दिवस घड्याळ बघून घ्यावी, कळ आल्यावर नव्हे. शौचाची वेळ ठरलेली असेल तर त्याआधी अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी. पॅरासिटामॉल दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. सर्दीच्या आणि जोडगोळ्यांतही ते असते, तेही मोजावे.

शौचाला बसताना मोबाइल बाहेर ठेवावा, कमोडवर पायाखाली पाट घ्यावा आणि पाच मिनिटांत उठावे. 'अजून आत काही आहे' असे वाटते ती बहुतेक वेळा सूज असते. कुंथून ती वाढते. कडेला गाठी लागतात त्याही पहिल्या आठवड्यात सूजच असतात, नवे मोड नव्हेत. जेट स्प्रेचा झोत जखमेवर नको, मगाने पाणी घ्यावे.

गरम पाणी म्हणजे कोमट पाणी, कोपर बुडवून सोसेल इतके. कमरेखाली भूल दिलेली असते, पहिल्या दिवशी तिथे संवेदना पूर्ण आलेली नसेल तर चटका समजतही नाही. टबात 10 ते 15 मिनिटे, दिवसातून तीनदा, शिवाय प्रत्येक शौचानंतर. पाण्यात डेटॉल, मीठ, हळद, तुरटी काहीही नको. पोटॅशियम परमँगनेटचा (जांभळ्या औषधाचा) न विरघळलेला खडा तर कातडी भाजतो. उठताना सावकाश, चक्कर येते. न्हाणीघराची कडी लावू नये. मग सुती कापडाने टिपून सॅनिटरी पॅड ठेवावा. पुरुषांना संकोच वाटतो, पण फडकी कोंबण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. मध्ये भोक असलेली रबरी उशी मात्र घेऊ नये: मधला भाग लोंबकळून ताणला जातो आणि तिथे रक्त साचते.

आता जे कार्डावर जवळजवळ कधीच नसते ते. रक्तस्रावाचा दुसरा धोका सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान असतो. दुखणे ओसरलेले, घर निर्धास्त झालेले, आणि त्याच सुमारास कापलेल्या मोडाच्या आतल्या देठाची खपली सुटते. शौचाबरोबर चार थेंब चालतील. पण कधीकधी रक्त बाहेर न येता आत साठते: एकदम शौचाची घाई होते, गुठळ्या पडतात, अंधारी येते. असे झाले किंवा तासाभरात पॅड भिजला, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट न पाहता 108 बोलवावी. या दोन आठवड्यांत गावी जाणे, एसटीचा लांबचा प्रवास, दुचाकी आणि सिलिंडर उचलणे टाळावे.

लघवी 6 ते 8 तास झाली नाही तर टबातल्या कोमट पाण्यातच करून पाहावी. तरी न झाल्यास दवाखाना गाठावा. 101 अंशांवर ताप, वाढते दुखणे आणि तुंबलेली लघवी एकत्र दिसली, तर आत पू होत असण्याची शक्यता असते. हे क्वचित घडते, पण जिवावर बेतू शकते. महिन्याने शौच बोटापेक्षा बारीक येऊ लागली तर वाट आकसते आहे, लवकर दाखवावे.

रुग्णालयांना विनंती एवढीच की हे मराठीत, ठळक अक्षरांत छापून द्यावे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन अशी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याच्या कार्डावर ती गोळी पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख लिहावी, आणि रात्री दोन वाजता खरोखर उचलला जाईल असा फोन नंबर द्यावा.

– शल्यचिकित्सा वॉर्डातील काही परिचारिका