लायब्ररीतल्या त्या ताईंचे मनापासून आभार

बाबांना व्हिडिओ कॉल आला, पोलिसाच्या युनिफॉर्ममधला माणूस, म्हणे तुमच्या नावाने ड्रग्जचं पार्सल सापडलंय, कॅमेरा बंद करायचा नाही, घरी कोणाला सांगायचं नाही. बाबा 72 वर्षांचे, घाबरून एफडी मोडून पैसे पाठवून बसले. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, थोडे पैसे बँकेने अडवले, बाकी गेले. पण बाबांनी फोनला हात लावणंच सोडलं, त्याचा त्रास जास्त होता.

मग माझी दहावीतली मुलगी त्यांना विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या वर्गाला घेऊन गेली, तिथे शाळेची मुलं आणि आजी-आजोबा शेजारी शेजारी बसतात. शिकवणाऱ्या ताईंनी बाबांच्या हातातून फोन एकदाही काढून घेतला नाही, बाबा चुकीचं बटण दाबायचे तरी त्या बाजूला खुर्ची ओढून थांबायच्या, म्हणायच्या परत दाबा काका, घाई नाहीये. गूगल लेन्सवर फोटो टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधायचं, हे त्यांच्याकडूनच चार वेळा करून घेतलं. आणि डिजिटल अरेस्ट, म्हणजे असं व्हिडिओ कॉलवरून अटक करणं, कायद्यात काही नसतंच हे सांगताना मुद्दाम बाबांकडे बघितलं नाही, सगळ्यांना म्हणून सांगितलं. हे मला फार मोठं वाटलं.

काल फॅमिली ग्रुपवर पुराचा फोटो आला, तो जुना आहे हे बाबांनीच शोधून टाकलं. ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, खूप खूप थँक्यू.