थंडीत तरी बागा दुपारी उघड्या ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी मस्त पडलीय, आणि अशा दिवसांत बागेत जायची ज्या वेळी खरी मजा असते नेमकं त्याच वेळी बागेच्या गेटला कुलूप असतं, त्याबद्दल लिहायचंय. आमच्या घराजवळची बाग सकाळी सहाला उघडते, साडेदहाला शिट्टी वाजली की सगळे बाहेर, मग थेट चारला गेट उघडतं. बागेचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण प्रश्न एका बागेचा नाहीच, अशा वेळा बऱ्याच ठिकाणी आहेत. उन्हाळ्यात ठीक आहे हो, एप्रिल-मेच्या दुपारी कोण जाणारे बागेत. पण जानेवारीत पुण्यात सूर्यच मुळी सात वाजून गेल्यावर उगवतो आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सकाळचा पहिला तास अंधारात गेला आणि संध्याकाळी गेट उघडल्यापासून दोन तासांत परत अंधार. मधलं जे कोवळं, अंगावर घ्यावंसं वाटणारं ऊन, ते पडतं कुलूप लावलेल्या हिरवळीवर.

माझ्या सासूबाईंचंच सांगते. डॉक्टरांनी त्यांना उन्हात बसायला सांगितलंय, व्हिटॅमिन डी कमी आहे, हाडं दुखतात. आता हे व्हिटॅमिन तयार करणारं ऊन पहाटेचं नसतं, आपल्याकडे ते साधारण अकरा ते दोनचं असतं, त्याआधी सूर्य खाली असतो आणि त्या उन्हात तेवढा दम नसतो. घरात ऊन येत नाही कारण समोर अकरा मजली बिल्डिंग झालीय. मग आम्ही काय करतो, तर खाली पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून त्यांना बसवतो, गुडघ्यावर शाल, डोक्याला स्कार्फ, ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची, कुणाला गाडी काढायची असेल तर उठायचं, हॉर्न वाजला की दचकायचं. आणि पाच मिनिटांवर बाग आहे, बाकं आहेत, सपाट फुटपाथ आहे, बरोबरीच्या चार बायका भेटतील अशी जागा आहे. बंद.

आता हवेचं. पहाटे चालायला जावं असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि बाकीच्या ऋतूंत ते खरंही आहे, पण थंडीत शहरात गणित उलटं होतं. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार होऊन खालीच बसून राहते, वर उबदार थर झाकणासारखा असतो, त्यामुळे गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, वॉचमनच्या शेकोट्या, जाळलेला पालापाचोळा, सगळं आपल्या नाकाच्या उंचीवर अडकून पडतं. ऊन चढून जमीन तापली की मगच ती हवा वर उचलली जाते आणि जरा मोकळं वाटतं. म्हणजे ज्या वेळी हवा वाईट त्या वेळी आपण म्हाताऱ्या माणसांना आणि दमेकऱ्यांना बागेत बोलावतो आणि हवा सुधारली की बाहेर काढतो. त्यात पहाटेच्या गारठ्याने रक्तवाहिन्या आखडतात, बीपी वाढतं, हृदयाचा त्रास असलेल्यांना डॉक्टर सांगतातच की ऊन पडल्यावर चाला. ऊन पडल्यावर चालायचं कुठे? रस्त्यावर? आमच्या रस्त्याला फुटपाथ आहे तिथे टू-व्हीलर लावलेल्या असतात.

मुलांचं तर फारच वाईट वाटतं मला. सकाळच्या शाळेची मुलं एकपर्यंत घरी येतात, जेवतात, दोन वाजता मोकळी असतात, आणि थंडीत दोन ते चार म्हणजे खेळायची सोन्यासारखी वेळ, ऊन लागत नाही, घाम येत नाही, लगोरी खेळा, टेनिस बॉलचं क्रिकेट खेळा, डबा ऐसपैस खेळा, दमतच नाहीत पोरं. पण चारपर्यंत गेट बंद, चारला क्लास सुरू, क्लास सुटेपर्यंत अंधार. मग मोबाईल घेऊन बसतात आणि आपण त्यांना ओरडतो.

आणि बागेत या दिवसांत बघायला काय काय असतं! बुचाच्या झाडाखाली सकाळी पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. सुट्टीच्या दिवशी आमच्या शेजारची मुलगी ती फुलं गोळा करते आणि त्यांचे ते लांब नळीसारखे देठ एकमेकांत गुंफून, दोरा न घेता, वेणी करते, तिला तिच्या आजीने शिकवलंय. दहा-बारा फुलं झाली की वेणी हातात धरून हळूच उचलून बघायची, सुटली तर परत पहिल्यापासून. त्यात अर्धा तास कसा जातो कळत नाही, आणि तेवढ्यात शिट्टी होतेच. हिरवळीवर धोबी पक्षी आलेले असतात, लांबून उत्तरेकडून थंडीपुरते येतात ते, शेपटी वरखाली करत माणसांच्या पायाशी फिरतात. थिरथिऱ्या येतो, त्याची तांबूस शेपटी सतत थरथरत असते. जानेवारी संपत आला की काटेसावर फुलते, अंगावर एक पान नाही आणि सगळं झाड लालेलाल, त्याच्यावर मैना, कोतवाल, भोरड्या यांची नुसती झुंबड. दुपारी बाकावर शेंगा खात ते बघत बसावं. त्यासाठी हुरडा पार्टीला पैसे भरून शहराबाहेर पन्नास किलोमीटर जावं लागतं असं थोडंच आहे.

ज्यांना घरात बसायला जागाच नाही अशांचाही विचार करा. आपल्या पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी किती मुलंमुली आहेत, कोंदट खोलीत दिवसभर ट्यूबलाइटखाली वाचतात, त्यांना दोन तास उन्हात पुस्तक घेऊन बसता आलं तर? चार घरची कामं करणाऱ्या मावशी दोन कामांच्या मधला तास बिल्डिंगच्या जिन्यात काढतात, डबा तिथेच खातात. डिलिव्हरीवाली पोरं बाईकवरच झोपतात. बाग त्यांचीही आहे ना.

बाग बंद का ठेवता म्हणून विचारलं तर तीन कारणं ऐकू येतात. झाडांना पाणी आणि साफसफाई, हे मला पटतं, माळीमामांना काम करायला मोकळी जागा हवीच, पण थंडीत पाणी उन्हाळ्याइतकं लागत नाही, आणि आज हा भाग उद्या तो भाग असं दोरी बांधून करता येईल. दुसरं, सुरक्षारक्षक कमी. मग तीन महिन्यांपुरती एक जादा शिफ्ट द्या, पगार पूर्ण द्या. तिसरं कारण हळू आवाजात सांगतात, दुपारी जोडपी येऊन बसतात म्हणून. बसू देत की! बाकावर बसून बोलणाऱ्या दोन माणसांमुळे म्हाताऱ्यांचं ऊन आणि मुलांचा खेळ बंद करायचा, हे मला अजिबात मान्य नाही. कुणी खरंच त्रास देत असेल तर त्याला बाहेर काढा, आणि जिथे पोरंबाळं, आजीआजोबा असतात तिथे मुळात वाह्यातपणा कमीच होतो.

आणि हे काही जगावेगळं नाही. बेंगळुरूत 2024 च्या जूनमध्ये तिथल्या पालिकेच्या बागा पहाटे 5 ते रात्री 10 सलग उघड्या ठेवायचं ठरलं. दिल्लीत लोदी गार्डनमध्ये थंडीच्या दुपारी लोक चादरी अंथरून, संत्री सोलत, पोळ्याभाजीचा डबा खात बसलेले असतात, बाजूला सिकंदर लोदीची कबर आहे, तिच्या आसपास मुलं पळतात, काही बिघडत नाही. आपल्या दादरचं शिवाजी पार्क, 1925 सालचं, 28 एकराचं मैदान, तिथे कट्ट्यावर भर दुपारीही कुणी ना कुणी टेकलेलं असतंच. आणि पुण्यातलंच एम्प्रेस गार्डन घ्या, तिकीट काढून का होईना पण दुपारी जाता येतं, 26 जानेवारीच्या आसपास तिथे पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा भर दुपारी केवढी गर्दी असते बघा. लोकांना हवंय हे दिसतंय.

म्हणून बागा सांभाळणाऱ्या सगळ्यांना विनंती की 15 नोव्हेंबर ते 15 फेब्रुवारी एवढे तीनच महिने बागा सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत सलग उघड्या ठेवून बघा. सगळ्या नको तर प्रत्येक भागातली एक ठेवा. प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह दुपारीही चालू राहील एवढं बघा, कारण बायका आणि म्हातारी माणसं त्यावाचून थांबू शकत नाहीत. आणि बागेतला पालापाचोळा जाळू नका, एका कोपऱ्यात खड्डा करून खत करा. आमच्या सोसायटीतल्या चार-पाच जणी दुपारच्या वेळी आळीपाळीने बागेत थांबून लक्ष ठेवायला तयार आहेत, तसं लेखी द्यायचीही तयारी आहे. आपल्या वृत्तपत्राने बागांच्या वेळांचा विषय लावून धरावा, इतर वाचकांनीही आपापल्या भागातल्या बागेच्या वेळा कळवाव्यात.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे