आजीला तिचं नाव विचारणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. फोनवर सुरुवात केली तर लगेच रेकॉर्डच्या मास्टरिंगचं, छपाईआधीच्या शेवटच्या हाताचं, बोलायला लागलात. म्हणून लिहूनच टाकते, आणि उघड लिहिते. आजीच्या आवाजाची हेळसांड झाली ती चारचौघांत झाली होती, तिचा मान कुणी राखला हेही चारचौघांना कळू दे. तुम्ही इलेक्ट्रॉनिक संगीत करता आणि रेकॉर्ड काढणारं स्वतःचं लहानसं लेबल चालवता, एवढंच सांगते. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्ही रेकॉर्डवर चेहरा छापत नाही, मुलाखती देत नाही, लेबलचा पत्ता विचारला तर पोस्ट बॉक्सचा नंबर देता. ते मला मोडायचं नाही. ज्यांनी तुमचं संगीत ऐकलंय ते ओळखतीलच.

वाचणाऱ्या सगळ्यांना धालो, आमच्या बायांचा गाण्या-नाचण्याचा हा प्रकार, माहीत असेल असं नाही. पौषातल्या रात्री गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात बाया मांडावर, म्हणजे धालोंच्या ठरलेल्या अंगणात, जमतात. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेला हात. पुढे यायचं, वाकायचं, मागे जायचं. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. वाद्य नाही, ताल सगळा पावलांत आणि वाकण्यात. शेवटच्या रात्री काहीजणींच्या अंगात रंभा येते. आजी लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून या मांडावर गाते. आता ऐंशी उलटली, गुडघे साथ देत नाहीत, तरी रांगेच्या टोकाला खुर्ची टाकून बसते आणि पहिली ओळ तीच काढते. कारण तिला येतात ती कडवी गावात दुसऱ्या कुणाला येत नाहीत.

म्हणून मी तिचा आवाज टिपून ठेवायला लागले. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण इतरांसाठी लिहिते. किनाऱ्यावरची काही मंडळी घरी आली. गोव्याच्या मातीतलं काहीतरी करायचं आहे म्हणाली. चहा झाला, फोटो झाले, आजीच्या पाया पडणं झालं, आणि ध्वनिमुद्रण घेऊन गेली. काही महिन्यांनी एका हॉटेलात कामाला असलेल्या मैत्रिणीने तिथल्या लाउंजमध्ये वाजणारं गाणं मला फोनवर ऐकवलं. आजीच होती. आवाज वर चढवून कोवळ्या पोरीसारखा चिरका केलेला. अर्धी ओळ कापून तीच तीच फिरवलेली, इतकी की त्या कडव्यातली सासरी निघालेली मुलगी उंबऱ्यावरच अडकून पडली होती. गायिकेच्या जागी लिहिलं होतं, ‘पारंपरिक’.

विचारलं तर उत्तर आलं, लोकगीत कुणाच्या मालकीचं नसतं. गीत नसेल, पण गळा तर कुणाचा तरी असतो ना! कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिने सादर करणाऱ्याला आपलं नाव लावून मागायचा हक्क दिला आहे, हे मला पुढे तुमच्याकडून कळलं. त्या मंडळींचा हा रोजचा धंदा, त्यांना ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. मग लोककलेतल्या एका जाणत्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच बजावलं की धालोंचं विद्रूपीकरण करू नका, मुळात मशीनच्या नादाला लागायलाच नको होतं. एकांनी आवाज नेला, दुसऱ्यांनी दार लावून घेतलं. आजीला काय वाटतं ते दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तुमचं वाजवणं पहिल्यांदा ऐकलं ते शिवोलीला, एका जुन्या घरात. मैत्रिणीने ओढून नेलं होतं. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की हणजूण, वागातोर, समुद्र आणि परदेशी माणसं. नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स जगभर गेला. त्याच्या नावात गोवा होता, पण आमच्या गावांतला आवाज त्यात शोधावा लागायचा. तेच असेल असं धरून मी दाराजवळ उभी राहिले. तुम्ही सुरुवात केली ती अगदी संथ बेसने. जमैकातले डब संगीतवाले करायचे तसं एकेक वाद्य गाळत गेलात आणि उरलेल्या ठोक्यावर प्रतिध्वनी सोडलात. मग त्या प्रतिध्वनीखालून घुमट आलं, आमचं मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य. चतुर्थीच्या आरतीतलं घुमट, सोबत शामेळ आणि कांसाळं! अंगावर काटा आला. ते तसंच वाढत वाढत तुटक ब्रेकबीटला जाऊन मिळालं आणि वरून ३०३ नावाच्या बेस-यंत्राचा पिळवटलेला सूर चढत गेला. दहाच्या ठोक्याला तुम्ही बंद केलंत. नियम आहेच, २००० सालापासून रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. पण तुम्ही तर बंद घरात होता. शेजारी म्हातारं माणूस झोपतं, एवढंच म्हणालात.

हे सगळं एकत्र कसं चालतं, असं त्या रात्री कुणीतरी विचारलं. तेव्हा तुम्ही चरणजित सिंगांची गोष्ट सांगितली. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ साली दहा राग रोलँड कंपनीच्या ३०३ आणि ८०८ या ठेका-यंत्रावर, डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. शिकागोत ॲसिड हाउस नावाचं नृत्यसंगीत जन्माला यायच्या आधी! तेव्हा ती खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले. ‘आपल्याकडे मिसळण ही नवी गोष्ट नाही, कुणी लक्ष दिलं नव्हतं एवढंच,’ असं तुम्ही म्हणालात. मी त्याच रात्री आजीबद्दल बोलले. तुम्ही ध्वनिमुद्रण मागितलं नाहीत. ‘त्या घरी कधी असतात?’ असं विचारलंत.

आलात त्या दिवशी आधी तासभर आमच्या काकांजवळ बसलात, घुमट मांडीवर घेऊन. आता त्यावर घोरपडीचं कातडं नसतं, बकऱ्याचं असतं. त्याने आवाज कुठे बदलतो ते काकांनी तुम्हाला वाजवून दाखवलं. मागच्या लहान तोंडावर तळहाताची उघडझाप केली की ठोका घसरतो. ‘आम्ही ८०८ च्या लांब बेसला हाच घसरा द्यायला धडपडतो,’ असं तुम्ही म्हणालात, तेव्हा काका इतके खूश झाले की काय सांगू! २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं, पण एका वाजवणाऱ्याने दुसऱ्या वाजवणाऱ्याला विचारणं वेगळं असतं.

आजी घड्याळावर गात नाही. एक ओळ लांबते, दुसरी आखडते, मध्ये दम खायला थांबते. संगणकावर असा आवाज ताणून, दाबून ठोक्यांच्या चौकटीत बसवता येतो. आधीच्या मंडळींनी तेच केलं होतं. तुम्ही आवाज आहे तसा ठेवलात आणि ठोकेच त्याच्यामागून सरकवत नेलेत. आजी थांबते तिथे किक ड्रम थांबतो, ती श्वास घेते, आणि मगच बेस येतो. शेजारच्या काकींना बोलावून दुसरी रांग उभी केलीत, एक रांग डाव्या कानात, दुसरी उजव्या. बेस मात्र मधोमध, कारण रेकॉर्डच्या खोबणीत खालचे सूर दोन्हीकडे पसरले तर सुई उडते. हेडफोन लावून ऐकताना मला वाटतं की मी दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी आहे. मांडावर त्या जागेत कधी कुणी उभं राहत नाही.

पण हे पत्र लिहायला बसले ते यासाठीही नाही.

काम संपलं होतं. तुम्ही वायरी गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता आजीकडे वळून विचारलंत, ‘आजी, नांव खंयचें घालूं?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आधार कार्डावरचं नाव, मतदार यादीतलं नाव, पासबुकावरचं नाव, सगळीकडे एकच तर आहे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. आजीकडेच पाहत थांबलात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘कुळारचें घाल्यार चलतलें?’

आणि तिने ते सांगितलं. माझे बाबा दारात उभे होते. आपल्या आईचं कुळारचं, म्हणजे माहेरचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं तिथेच राहिलं. आई गेली, वडील गेले, भाऊ गेले, त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही घरातली माणसं, इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलो, आणि आमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. तुम्ही वहीत लिहिलंत, तिला वाचून दाखवलंत, ‘बरोबर?’ विचारलंत, शेवटचं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ याची खात्री केलीत. तिला लिहिता-वाचता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी विचारलंत.

रात्री जेवताना तिनेच सांगितलं. जी कडवी या गावात कुणाला येत नाहीत, ती तिच्या माहेरच्या मांडावरची आहेत. लग्नाआधी तिथल्या रांगेत उभी राहून शिकलेली. म्हणजे रेकॉर्डवर जिचं नाव आहे, तिनेच ती गाणी शिकली होती. तुम्हाला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. तुम्ही फक्त विचारलंत.

फोंड्याजवळच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागला, याचा आम्हा गोंयकारांना केवढा अभिमान आहे. तो आवाज निनावी ‘पारंपरिक’ म्हणून कुणी पाठवला असता तर आपण काय म्हटलं असतं? मांडावरच्या बाईलाही तोच न्याय लागतो. तुमच्या लेबलने तो न मागता दिला. बाकी हिशेब वगैरे सगळं सरळ झालं, खर्च वजा जाता अर्धं अर्धं, कागद वेळेवर येतो. पहिली रक्कम मोठी नव्हती, पण आजीने ती मोजून घेतली आणि दुसऱ्या रांगेतल्या काकींमध्ये वाटली. मोठ्या लेबलांची माणसं म्हणतात की लहान लेबलाला असले लाड परवडत नाहीत. तुम्ही थोड्या प्रती काढता, स्वतः पाकिटं चिकटवता, स्वतः पोस्टात रांग लावता, आणि तुम्हाला परवडतं.

अशी माणसं अजून आहेत, दादा. आमच्या वाळपईच्या बसचा कंडक्टर आजी पायरी चढून बसेपर्यंत घंटी मारत नाही, मागून कितीही हॉर्न वाजू देत. तालुक्याच्या वाचनालयातल्या बाई शाळकरी पोरांना तुम्ही म्हणून बोलतात. यांचा कुठे सत्कार होत नाही, आणि यांच्यामुळे दिवस सुसह्य होतो. तुमच्याबद्दल लिहिताना तेही सगळे डोळ्यांसमोर येतात. आधीच्या मंडळींकडे स्टुडिओ मोठा होता, माइक महागडे होते, पण आजीकडे पाहत थांबायला त्यांना वेळ नव्हता.

आजीचा निरोप असा. कडवी अजून पुष्कळ शिल्लक आहेत आणि आवाज थंडीत चांगला लागतो, तेव्हा पौषाच्या आधी या. मिठाई आणू नका, तिला साखरेचा त्रास आहे. मांडावर तुम्ही कुठे उभं राहायचं आणि माइक कुठे ठेवायचा ते ती दाखवेल. आणि आणखी एक. रेकॉर्ड पाहिल्यावर दुसऱ्या रांगेतल्या काकींनी आपापली कुळारची नावं मला सांगितली आहेत. एकीला आठवायला दोन दिवस लागले, तिने बहिणीला फोन करून खात्री केली. यादी वेगळ्या पाकिटातून पाठवते आहे, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. पुढच्या छपाईत जागा ठेवा.

तुमची,
सत्तरीतली आजीची नात